पस्तीस डॉलरांत लिटल हवाना

पत्र थोडक्यात असं : पत्र लिहिणारी मुलगी पंचविशीतली, मूळची सांगलीची, सध्या ओहायोत एमएस करते. मार्चच्या सुट्टीत चार दिवस ती एकटीच मायामीला चालली आहे. ओढ खरं तर क्युबाची होती. पण अमेरिकेत राहून क्युबाला नुसतं फिरायला जाता येत नाही हे कळल्यावर तिनं मायामीतली ‘लिटल हवाना’ ही क्युबन वस्ती बघायचं ठरवलं. विमानाचं तिकीट निघालंय, साउथ बीचवरच्या हॉस्टेलात एक कॉटही मिळालीय. ते सगळं वजा जाता हातात दिवसाला साधारण ३५ डॉलर राहतात. न्यू जर्सीतला आतेभाऊ म्हणतो, ‘तिथे सगळं टुरिस्टांसाठी मांडलेलं आहे, दोन तासांत उरकतं, त्यापेक्षा बीचवर पडून राहा.’ तिचे प्रश्न असे : खरी क्युबन वस्ती सापडायची कुठे? खिशात पैसे नसताना गरीब स्थलांतरितांच्या गल्ल्यांतून नुसतं बघत फिरणं बरं दिसतं का? ‘मीही परदेशातच राहते, त्यामुळे त्यांचं दुःख मला कळेल’ असंही तिला वाटतं. अंडी-चिकन चालतं, गाय-डुक्कर नाही. मग खायचं काय? आणि शेवटी, पुण्यात कॉलेजला असताना घेतलेला चे गव्हेराचा टी-शर्ट घालून तिथे एक फोटो काढायचाय, तर चांगली जागा कोणती?

प्रिय सांगलीकर,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो टी-शर्ट ओहायोतच ठेव.

तुझी मतं काय असावीत हे सांगायला मी बसलेली नाही. पण ज्या रस्त्यावर तू तो घालून फिरणार आहेस, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी चे गव्हेराला पोस्टरवर पाहिलेलं नाही. १९५९ साली क्युबात फिडेल कॅस्ट्रोची क्रांती झाली तेव्हा हवानाच्या ला काबान्या किल्ल्याचा तो प्रमुख होता. त्या किल्ल्यात झटपट खटले चालले आणि माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. ते ज्यांच्या घरादारावरून गेलं, ती कुटुंबं मायामीत आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात फिडेल कॅस्ट्रो गेल्याची बातमी आली, तेव्हा याच रस्त्यावर लोक मध्यरात्री पातेली बडवत, झेंडे घेऊन बाहेर पडले होते. तुला कुणी हात लावणार नाही. फार तर एखादे आजोबा थांबून तावातावानं स्पॅनिशमध्ये चार गोष्टी सुनावतील, आणि कॉफीच्या खिडकीवरची बाई तुझी ऑर्डर सगळ्यात शेवटी घेईल. पण चार दिवसांसाठी कुणाच्या दारात जायचं आणि जाताना त्याच्या जखमेचं चित्र छातीवर लावून जायचं, हे तुलाही पटणार नाही. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, हे पत्रावरून दिसतंच.

टी-शर्टाचं आधी काढलं, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांतही हीच गल्लत आहे. क्युबाला जाता येत नाही, तर क्युबाची एक छोटी, स्वस्त प्रत बघून येऊ, असं तू धरून चालली आहेस. (न जाण्याचा तुझा निर्णय मात्र बरोबर आहे. अमेरिकेच्या कायद्यात क्युबाला जाण्यासाठी बारा प्रकारची कारणं चालतात, पर्यटन त्यात बसत नाही. आणि विद्यार्थी व्हिसावर असताना असल्या बाबतीत हुशारी करायची नसते.) लिटल हवाना ही ज्यांना क्युबा सोडावा लागला त्यांनी आठवणीतून उभी केलेली जागा आहे. आठवणीत माणूस नको ते गाळतो आणि हवं ते मोठं करतो. त्यामुळे इथे तुला १९५८ सालची हवाना भेटेल, १९७० सालची मायामी भेटेल, आजचा क्युबा फारसा भेटणार नाही. हे मनात ठेवून गेलीस तर आतेभाऊ ज्याला नाटक म्हणतो त्यातलं बरंचसं नाटक वाटणार नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की पैसे कमी असले तरी बघायला जास्त मिळतं. क्युबन लोक येण्याआधी या भागाला रिव्हरसाइड आणि शेनन्डोआ म्हणत. १९३० च्या दशकात इथे ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. क्रांतीनंतर क्युबातून लोक येऊ लागले. डाउनटाउनजवळ, भाडी कमी, बस हाताशी, म्हणून इथे टेकले. टेकले असंच म्हणायला हवं, कारण पहिल्या वर्षांत बहुतेकांची खात्री होती की कॅस्ट्रोची राजवट फार टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत परत जायचं आहे. १९६० ते १९६२ या काळात १४,००० हून जास्त मुलं आईवडिलांशिवाय, एकेकटी विमानात बसवून पाठवली गेली. त्या मोहिमेला पुढे ‘पेद्रो पान’ हे नाव पडलं. १९६५ ते १९७३ पर्यंत रोजची विमानं सुरू होती. १९८० साली मारिएल बंदरातून बोटींनी सव्वा लाख माणसं आली, तीही सहा महिन्यांच्या आत. या सगळ्या लाटा इथे येऊन थडकल्या, आणि परत जाणं तर झालंच नाही.

म्हणून तुझं ते ‘मीही परदेशात राहते’ हे वाक्य जरा बाजूला ठेवावं असं मला वाटतं. तू व्हिसाचा शिक्का, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि लसणाची चटणी घेऊन आलीस. रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करतेस. सांगलीचं तिकीट महाग असेल, पण ते मिळतं. तुझी एकटेपणाची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. ओहायोतली फेब्रुवारीची संध्याकाळ काय असते याची मला कल्पना आहे. पण तिथे ‘मलाही कळतं हं’ म्हणून बोलायला सुरुवात करण्यापेक्षा ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचार. ‘दे दोन्दे एस उस्तेद?’ एवढं पाठ कर. आपल्याकडे गाडीत समोर बसलेल्याला विचारतात तोच प्रश्न, आणि तिथेही त्याचं उत्तर लांबलचक येतं. कुणी क्युबातल्या पिनार देल रियोचा निघेल, कुणी कामाग्वेचा, आणि बऱ्याचदा कुणी निकाराग्वाचा किंवा होन्डुरासचा.

कारण ‘खरी क्युबन वस्ती कुठे’ या प्रश्नाचा घोळ इथेच आहे. हातात चार पैसे आल्यावर क्युबन कुटुंबं हळूहळू हायालिया, वेस्टचेस्टर, कोरल गेबल्सकडे सरकली. निव्वळ क्युबन माणसंच मोजायची असतील तर हायालियाला जा. तिथे टुरिस्ट नाहीत, आणि तुला बघण्यासारखंही फारसं काही नाही, सुपरमार्केटं, गॅरेजं आणि गोदामं. लिटल हवानाच्या पूर्वेकडच्या जुन्या दोन मजली इमारतींत आता मध्य अमेरिकेतून आलेली माणसं राहतात. निकाराग्वातले लोक १९८० च्या दशकात तिथल्या युद्धामुळे आले, त्यांच्यामागून होन्डुरास आणि ग्वातेमालाचे. मालकाची पाटी क्युबन, भटारखान्यात होन्डुरासचा मुलगा, असं चित्र इथे सर्रास दिसतं. हे खोटं झालं का? दादरमध्ये आज कोण राहतं, कोण फक्त कामाला येतं आणि कोण मुलुंड-डोंबिवलीला जाऊनही दसऱ्याच्या फुलांना दादरलाच येतं, हे तू पाहिलेलं असेलच.

आतेभाऊ सांगतो त्यात तथ्य आहे, ते एवढंच : काये ओचो, म्हणजे साउथवेस्ट ८ वा रस्ता, याचा बाराव्या ते सतराव्या ॲव्हेन्यूमधला तुकडा टूर बसवाल्यांसाठी सजवलेला आहे. कोंबड्यांचे रंगवलेले मोठमोठे पुतळे, पनामा हॅटची दुकानं, मोहितोचे फलक, फुटपाथवर गुलाबी संगमरवरी चांदण्या. क्युबन गायिका सेलिया क्रूझच्या नावाची चांदणीही त्यातच आहे. बस साडेअकराला येते, गाइड छत्री वर करतो, दीडला सगळे गायब. आतेभावाचे दोन तास ते हेच.

तू असं कर. शनिवार-रविवार टाळ, आठवड्यातला एखादा दिवस घे आणि सकाळी आठ-साडेआठला पस्तिसाव्या ॲव्हेन्यूपाशी उतर. तिथे ‘व्हर्साय’ नावाचं हॉटेल आहे, १९७१ सालचं. नाव फ्रेंच राजवाड्याचं आणि आत तसेच आरसेच आरसे. आत बसू नकोस. बाहेरच्या बाजूला कॉफीची खिडकी आहे तिथे उभी राहा. मायामीत या खिडक्यांना वेन्तानिता म्हणतात, आणि त्या शहरभर रुजवण्याचं श्रेय व्हर्सायच्याच संस्थापकाला, फेलिपे वाल्सना देतात. फिडेल गेला तेव्हा टीव्हीवाल्यांच्या गाड्या लागल्या त्या इथेच. निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक पुढारी कधी ना कधी याच खिडकीपाशी कप हातात घेऊन फोटो काढून जातो.

या खिडकीपाशी पैसे कमी असण्याचा काही तोटा नाही. इथे श्रीमंत माणूसही उभ्यानंच पितो. काफेसितो म्हणजे छोटा, काळा, भयंकर गोड कप. कॉफीचे पहिले काही थेंब साखरेवर पाडून ती चमच्यानं फेटफेटून फिकी, जाड करतात आणि उरलेली कॉफी वरून ओततात. वर जो तांबूस फेस येतो त्यावरून कॉफी करणारीचा हात कळतो. काफे कोन लेचे ही दुधाची, आपल्याला मानवणारी. आणि कोलादा मागितलीस तर एक मोठा कप आणि त्याबरोबर बाहुलीच्या भातुकलीतले वाटावेत असे पाच-सहा इवले कप मिळतात. कोलादा एकट्यानं संपवायची नसते, हात थरथरायला लागतील. ऑफिसातला एक जण खाली येतो, कोलादा घेतो आणि वर जाऊन सगळ्यांना ओततो. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांची कॉफी तर २०१३ पासून शहरानं अधिकृतच केली आहे, मायामीचा टेलिफोन कोड ३०५ म्हणून. तू एकटी आहेस, हरकत नाही. दोन-तीन डॉलरची कोलादा घे, एक इवला कप भर आणि शेजारी उभ्या असलेल्याकडे नुसता सरकव. बोलणं सुरू करायला याहून स्वस्त काही नाही. समोरचा नको म्हणत नाही. म्हणालाच तर हसून म्हणतो.

तिथून पूर्वेकडे चालायला लाग. साधारण चार किलोमीटरचा टप्पा आहे, मार्चमध्ये हवा बरी असते, पण सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं, टोपी असू दे. बत्तिसाव्या ॲव्हेन्यूपाशी वुडलॉन पार्क ही दफनभूमी लागते. टूरवाले इथे थांबत नाहीत. इथे क्युबाचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष पुरलेले आहेत : १९३३ साली पळ काढावा लागलेला हेरार्दो माचादो, आणि १९५२ साली बातिस्तानं (पुढे कॅस्ट्रोनं हटवला तोच) बंड करून हाकलला तो कार्लोस प्रीयो. त्याच आवारात निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसाही आहे. म्हणजे कॅस्ट्रोच्या कितीतरी आधीपासून, सत्ता गेलेल्या माणसाची मायामी ही शेवटची थांबण्याची जागा होती. फिरायला पैसे पडत नाहीत. कुणाचा अंत्यविधी चालू असेल तर तेवढा भाग सोडून जा.

पुढे पंधराव्या ॲव्हेन्यूला डॉमिनो पार्क येतं. खरं नाव मासिमो गोमेस पार्क, क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतीच्या नावाचं. गावात वडाच्या पारावर जशी ठरलेली मंडळी ठरलेल्या जागी बसतात आणि नव्या माणसाला कुणी ऊठ म्हणत नाही पण बसही म्हणत नाही, तसा हा प्रकार आहे. खेळायची टेबलं ज्येष्ठांसाठी राखीव, तू बघायचं. बघण्यासारखं आहे. डॉमिनो हवाना पद्धतीचा, नऊ ठिपक्यांपर्यंतचा, पंचावन्न सोंगट्यांचा. चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी दहा उचलायच्या. उरलेल्या पंधरा पालथ्याच राहतात, त्यामुळे नुसती मोजदाद करून जिंकता येत नाही, भिडूच्या चेहऱ्यावरून ताडावं लागतं. डाव संपला की चार जोड्या हात सोंगट्यांवर पडतात आणि त्या घुसळल्याचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. वीस मिनिटं एकाच टेबलाशी उभी राहिलीस तर कोण रडीचा डाव खेळतो हे तुला भाषा न कळताही कळेल. मोबाइल बाहेर काढण्याआधी नजरेनं विचार. दिवसाला शेकडो लोक त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात, आणि ते वैतागतात यात नवल नाही.

बाजूलाच टॉवर थिएटर आहे, १९२६ सालचं. साठच्या दशकात इथे इंग्रजी सिनेमे खाली स्पॅनिश अक्षरं देऊन दाखवायला लागले, आणि नव्यानं आलेल्यांतल्या कितीतरी जणांनी अमेरिका पहिल्यांदा इथल्या अंधारात बसून समजून घेतली. रस्त्यापलीकडे ‘बॉल अँड चेन’, १९३५ मधला बार. जॅझ गायिका बिली हॉलिडे तिथे गायली होती. आत पेयं तुझ्या बजेटला परवडायची नाहीत. पण बँड दारं उघडी टाकून वाजवतो, फुटपाथवर ऐकायला कुणाची ना नाही.

दोन चौक पुढे, तेराव्या ॲव्हेन्यूवर दुभाजकातच स्मारकांची रांग आहे. १९६१ च्या एप्रिलमध्ये सीआयएनं शिकवलेले सुमारे चौदाशे निर्वासित क्युबावर उतरले आणि तीन दिवसांत हरले. त्या ब्रिगेड २५०६ ची ज्योत इथे जळत असते. सरावात पहिला जो मेला, त्याचा नंबर तुकडीनं नाव म्हणून घेतला होता. या गल्लीत एक भलंमोठं सेइबाचं झाड आहे, आपल्या पांढऱ्या सावरीचीच जात. मुळांशी बघ : फळं, नाणी, कधी कापडाचं गाठोडं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या देवदेवता आणि कॅथलिक संत यांच्या मिश्रणातून झालेल्या सान्तेरिया पंथाचे लोक ते ठेवतात. सांगलीच्या मुलीला झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या नारळाला हात लावू नये हे सांगावं लागत नाही, पण फोटोसाठी वस्तू सरकवणारे महाभाग असतात, म्हणून इतर वाचकांसाठी लिहिलं.

अकराव्या-बाराव्या ॲव्हेन्यूच्या आसपास सिगार वळणाऱ्यांची दुकानं आहेत. सिगार घ्यायची गरज नाही. आत जाऊन ‘बघू का?’ म्हटलं तर बघू देतात. अर्धचंद्राच्या आकाराचं पातं घेऊन पान एका झटक्यात कापतात आणि तळव्याखाली गुंडाळतात. अमेरिकेनं क्युबावर घातलेल्या १९६२ च्या व्यापारबंदीमुळे यातलं एकही पान क्युबातलं नसतं. तंबाखू निकाराग्वाची, डॉमिनिकन रिपब्लिकची, इक्वेडोरची. हात मात्र क्युबात शिकलेले. ‘अस्सल क्युबन’ म्हणून तुला कुणी सिगार खपवायला बघितली तर सरळ पुढे चाल.

आता पोटाचं. गाय-डुक्कर न खाणाऱ्याला क्युबन स्वयंपाक अवघड आहे, आणि तो सोपा आहे असं सांगून तुला फसवण्यात अर्थ नाही. क्युबन सँडविचमध्ये डुकराचं मांस आणि हॅम, रोपा व्हिएहा गाईचं, क्रोकेता बहुधा हॅमच्या. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला निरागस, पण शिजवताना त्यात डुकराचा तुकडा पडलेला असतो. भात-घेवडा एकत्र शिजवलेला असेल तर जवळजवळ नक्कीच. क्युबन पावातसुद्धा पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी जाते, पेस्ट्रीच्या पदरांतही जाऊ शकते. कुठवर पाळायचं हे तू ठरव. पाळायचं असेल तर ‘नो कोमो रेस नी पुएर्को’ म्हणजे गाय-डुक्कर खात नाही, आणि ‘तिएने मान्तेका?’ म्हणजे चरबी आहे का, ही दोन वाक्यं कागदावर लिहून ने. दुकानदार याला उद्धटपणा समजत नाहीत.

मग उरतं काय? बरंच. आरोस कोन पोयो, म्हणजे चिकन घातलेला पिवळा भात. भाजलेलं चिकन, पांढरा भात, तळलेली पिकली केळी, ही थाळी कुठेही मिळते आणि एका माणसाला जास्तच होते. युका म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो. उकडून वर लसूण-लिंबाचा मोहो ओततात. यादीत ‘वाका फ्रिता’ (वाका म्हणजे गाय) दिसली की घाबरू नकोस, ‘दे पोयो’ म्हटलं की तीच चिकनची येते, कांदा-लिंबू घालून कुरकुरीत परतलेली. माझ्या मते सगळ्यांत चविष्ट तीच. तोर्तिया म्हणजे इथे ऑम्लेट, पिकलं केळं घातलेलं असलं तर नाश्ता होतो. मामेचं बातिदो, म्हणजे मिल्कशेक, पी. मामे हे चिकूच्याच कुळातलं फळ आहे, आत गाजरासारखं केशरी. आणि ग्वारापो म्हणजे उसाचा रस, आपल्यासारखाच समोर चरकातून काढलेला, फक्त आलं-लिंबू नाही. रसवंतीच्या भावाशी तुलना करू नकोस, त्रास होईल.

पैसे फारच आखडले तर ‘सेदानोस’सारख्या लॅटिन सुपरमार्केटात गरम जेवणाचा काउंटर असतो. भात, चिकन, केळी डब्यात भरून देतात. किंवा ८ वा रस्ता सोडून उत्तरेला फ्लॅगलर रस्त्याकडे जा. तिथे निकाराग्वावाल्यांची फ्रितांगा नावाची साधी हॉटेलं आहेत. एका प्लेटमध्ये चिकन, गायो पिन्तो (घेवडा घालून केलेला भात) आणि केळ्याचे काप इतके वाढतात की दुपारचं संध्याकाळला पुरतं. हॉस्टेलात फ्रिज असणारच.

हिशोब असा बसतो : खिडकीवरची काफे कोन लेचे आणि लोणी लावून दाबलेला पाव सात-आठ डॉलर, बसला दिवसभराचे सहाच्या आत, दुपारचं जेवण पंधरा, संध्याकाळची कोलादा आणि पेरूचं पास्तेलितो (पदरांची छोटी पेस्ट्री) पाच-सहा. पस्तिसात बसतं, आणि त्यात उपासमार नाही. एक दिवस तिन्ही वेळा असं खाऊन दुसऱ्या दिवशी हॉस्टेलात अंडी उकडलीस तर तिसऱ्या दिवशी टेबलावर बसून जेवायचे पैसे निघतात.

आता तो ‘बरं दिसतं का’चा प्रश्न. तू कमी पैशांत फिरणार म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. लिटल हवानातले बहुतेक रहिवासी भाडेकरू आहेत, आणि त्यांना धाक आहे तो वाढत्या भाड्याचा. अमेरिकेतल्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय ट्रस्टनं २०१५ साली या वस्तीला सगळ्यांत धोक्यात असलेल्या अकरा जागांच्या यादीत टाकलं, ते जुनी घरं पाडून उंच इमारती येण्याच्या भीतीनं. त्यामुळे तू हॉस्टेलात राहिलीस हे उत्तमच. जी खोली एखाद्या होन्डुरासच्या कुटुंबाला भाड्यानं मिळाली असती, ती पर्यटकांना रात्रीच्या दरानं देण्याचा धंदा तिथेही आहे. बाकी तुझे पंधरा-वीस डॉलर कुठे पडतात एवढं बघ. कोंबड्याचा फ्रिज मॅग्नेट चीनहून येतो. खिडकी, रसवाला, फ्रितांगा, इथे दिलेले पैसे त्याच गल्लीत राहतात. राहत्या गल्ल्यांत लोकांच्या व्हरांड्यात, वाळत घातलेल्या कपड्यांत कॅमेरा घालू नकोस. ‘गरिबीचं दर्शन’ म्हणून गेलीस तर बरं दिसणार नाही. कॉफी प्यायला, डाव बघायला गेलीस तर तुझ्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. तुझा आतेभाऊ वीस डॉलरची मोहितो पिऊन आला असता तर तो जास्त सभ्य ठरला असता, असंही नाही.

जाण्यायेण्याचं पटकन सांगते. साउथ बीचवरून डाउनटाउनला एक बस, तिथून ८ नंबर. धरून चाल तासभर. एका खेपेचे सव्वादोन डॉलरच्या आसपास, बँकेचं कार्डच मशीनला टेकवायचं, आणि दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर कापत नाहीत. मायामी शहराची ट्रॉली फुकट आहे, लिटल हवानाला तिचा मार्ग आहे, फक्त वाट बघायची तयारी ठेव. डाउनटाउनमधली उंचावरून धावणारी मेट्रोमूव्हरही फुकट. तिनं जाऊन फ्रीडम टॉवर बाहेरून तरी बघ. १९६२ ते १९७४ पर्यंत क्युबातून आलेल्या निर्वासितांची कागदपत्रं, डॉक्टरी तपासणी आणि शिधा याच इमारतीत होत असे. काये ओचोचा तो सजवलेला तुकडा पूर्वेकडे एकेरी आहे, म्हणून पश्चिमेला जाणारी बस सातव्या रस्त्यावर मिळते. नवखी माणसं चुकीच्या थांब्यावर अर्धा तास उभी राहतात ती इथेच. दिवसा काये ओचोवर एकटीनं फिरायला भीती नाही. अंधार पडल्यावर आडगल्ल्यांतून चालण्याऐवजी मोठ्या रस्त्यावरूनच गाडी बोलाव, तेवढे पैसे बाजूला काढून ठेव.

मार्चमधल्या एका रविवारी काये ओचोचा मोठा उत्सव असतो, १९७८ पासूनचा. प्रवेश फुकट, पंधरा चौक बंद, चार पावलांवर एक स्टेज. १९८८ साली इथे एक लाख वीस हजारांच्या जवळपास माणसं एकामागे एक कमरेला धरून नाचली आणि तो गिनेस विक्रम झाला. तुझ्या तारखांत येत असेल तर जा, नाच, पण त्या दिवशी वस्ती दिसणार नाही, गर्दी दिसेल. त्यापेक्षा महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारची संध्याकाळ बरी. चित्रकार दारं उघडी ठेवतात, रस्त्यावर गाणं असतं, आणि गावातलीच माणसं येतात.

चार दिवस मात्र इथे घालवू नकोस. एक पूर्ण दिवस आणि वर एक संध्याकाळ पुष्कळ झालं. दुसऱ्यांदा जाशील तेव्हा त्याच खिडकीवर जा. मायामीतल्या या बायका चेहरा विसरत नाहीत. बाकीचे दिवस समुद्र आहेच, आणि आतेभावाचंही थोडं ऐकल्यासारखं होईल.

आणि टेबलावर बसून जेवशील तेव्हा टीप लिहिण्याआधी बिल शेवटपर्यंत वाच. मायामीत बऱ्याच हॉटेलांत अठरा-वीस टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं आणि खाली टीपसाठी पुन्हा एक मोकळी ओळ ठेवलेली असते. पस्तीस डॉलरवाल्यांनी तिथे दोनदा पैसे भरू नयेत. खिडकीवर मात्र सुटे असतील ते बरणीत टाक.